तीस अनोळखी गिऱ्हाइकं

“सल्लागारांनी सल्ला द्यायचा. हात लावायचा नाही,” वैशंपायन सरांनी टेबलावर बोट आपटत सांगितलं आणि मी माझे दोन्ही हात पदराखाली घेतले.

हे वाक्य ते प्रत्येक बैठकीच्या सुरुवातीला म्हणत. कुणी उशिरा आलं तर त्याच्यासाठी पुन्हा म्हणत. त्या शुक्रवारी कुणीच उशिरा आलं नव्हतं. बैठक दुपारी तीनची, आणि आम्ही चौघंही पावणेतीनलाच हजर. मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

साल दोन हजार, महिना फेब्रुवारी. डॉटकॉमचं वारं असं काही सुटलं होतं की आमच्या कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्यानेही मला विचारलं होतं, “बाई, आपणपण एखादी काढायची का?” हडपसरला बिस्किटांची एक फॅक्टरी बंद पडली होती. तिचा वरचा मजला अच्युत खांबेटे नावाच्या माणसाने घेतला. हे गृहस्थ अमेरिकेत बारा वर्षं मार्केटिंग करून परतले होते. त्यांनी सहा टेबलं टाकली आणि बाहेर पाटी लावली, ‘उबारा : इंटरनेट उद्योगांसाठी इन्क्युबेटर’. नव्या मुलामुलींनी कल्पना घेऊन यायचं, टेबल, कॉम्प्युटर आणि फोन वापरायचा, कंपनी उभी करायची. त्यांना चार शहाणपणाच्या गोष्टी सांगायला आमचं सल्लागार मंडळ.

त्या मंडळात मी कशी, असं विचाराल तर सरळ सांगते. फोनच्या लायनींमुळे. मी टेलिफोन खात्यात ट्रंक कॉल जोडणारी ऑपरेटर म्हणून लागले आणि छत्तीस वर्षांनी सुपरवायझर म्हणून निवृत्त झाले. खांबेट्यांना सहा लायनी हव्या होत्या. कुठला अर्ज कुठे द्यायचा आणि कुणाकडे पाठपुरावा करायचा हे मी सांगितलं, लायनी महिन्याच्या आत आल्या, आणि त्या आनंदात त्यांनी मला सल्लागार करून टाकलं. इंटरनेटबद्दल मला इतकंच ठाऊक होतं की तो टेलिफोनच्या तारेतून येतो. तार माझ्या ओळखीची होती.

अध्यक्ष प्राध्यापक निरंजन वैशंपायन. इंजिनिअरिंग कॉलेजात मेकॅनिकल शिकवून निवृत्त झालेले, नियमाला एकदम पक्के. भांडवल मोतीलाल छाजेडांचं. त्यांचा गाड्यांच्या पार्ट्सचा मोठा धंदा होता आणि सुपारी तोंडात टाकल्याशिवाय त्यांना विचार सुचत नसे. चौथे स्वतः खांबेटे.

त्या दिवशी बैठकीपुढे विषय एकच होता, रेहाना तांबोळी.

रेहाना चोवीस वर्षांची, फलटणची. तिचे वडील शिलाई मशिनी दुरुस्त करायचे. मशीन कितीही जुनं असलं तरी अब्बा म्हणायचे, “मशीन मरत नाही, त्याचा एखादा पार्ट मरतो.” कॉम्प्युटर शिकल्यावर पोरीने त्यातूनच कल्पना काढली. घराघरांत स्टोव्ह, मिक्सर, मशिनी, पंखे एका बारक्या सुट्या भागासाठी बंद पडलेले असतात. तिच्या सुटेभाग डॉटकॉमवर काय हवं ते लिहायचं, ती पुण्याच्या बाजारात हिंडून तो भाग शोधणार आणि पोस्टाच्या व्ही. पी.ने, म्हणजे पार्सल हातात पडल्यावर पैसे, घरपोच पाठवणार.

खांबेट्यांना हे फारच घरगुती वाटलं होतं. सरांना अव्यवहार्य. शेवटी मंडळाने अट घातली, तीस दिवसांत तीस अनोळखी गिऱ्हाइकं आण. आणलीस तर वर्षभर टेबल, फोन आणि छाजेडशेठचं भांडवल. नाही आणलीस तर टेबल रिकामं कर. घरच्यांनी तिला इतकीच मुदत दिली होती. फलटणच्या एका बँकेत तिची कारकुनाची नेमणूक झालेली होती. पत्र तिच्या पर्समध्ये होतं, आणि सोमवारी सकाळी तिथे हजर व्हायचं होतं.

आता माझं पाप सांगते.

दहाव्या दिवशी मी सहज तिला विचारलं होतं, “किती झाली गं?” ती हसून म्हणाली, “येतील मॅडम.” मी छत्तीस वर्षं माणसं कानाने ओळखत आले. त्या “येतील”मध्ये एकही गिऱ्हाईक नव्हतं. त्याच दुपारी इतिवृत्त वाचायच्या निमित्ताने मी बैठकीच्या खोलीत शिरले, दार लावलं आणि तिथल्या कॉम्प्युटरवर बसले. टेलिप्रिंटरवर बोटं तयार झालेली, टाइप करायला कितीसा वेळ! ‘सौ. मंगला भिसे, वाई. स्टोव्हचा बर्नर.’ वाईचा पत्ता माझ्या बहिणीचा. पुढच्या दोन आठवड्यांत मी आणखी सहा ऑर्डरी टाकल्या. बंबाची तोटी, कुकरची शिट्टी, पाट्याला टाकी लावायच्या छिन्नीची मूठ, काय सुचेल ते. बहिणीला, नणंदेला, साताऱ्याच्या मैत्रिणीला फोन करून ठेवले, “पोस्टमन पार्सल आणेल ते सोडवून घे, काही विचारू नको.”

एकदा त्या कीबोर्डच्या फटीत मला सुपारीचं खांड सापडलं होतं. मी ते फुंकर मारून उडवलं आणि कामाला लागले. बावळटपणाला माझ्या काही सुमार आहे का!

तर तीन वाजले. रेहाना आत आली. अबोली रंगाचा पंजाबी ड्रेस, हातात पर्स आणि छापील कागदांची भेंडोळी. खांबेटे खुर्चीतून अर्धे उठलेच.

“किती? किती झाल्या?”

“एकतीस सर,” रेहाना म्हणाली.

“एकतीस!” खांबेट्यांनी टाळी वाजवली. छाजेडशेठनी सुपारी गालात सरकवून “वा, वा, वा” केलं. मीही “अगंबाई” म्हणून डोळे मोठे केले. अभिनय चौघांचाही चांगला होता.

“पार्सलं गेली सगळी?” सरांनी विचारलं.

“एकतीसच्या एकतीस पोचली.”

“मी तुला सांगितलं होतं, गावं घेऊन ये. कुठल्या गावातून किती.” सर नियमाचे पक्के, पुरावा मागणारच. त्यांच्यापुढे एकच कागद होता. वर टाइप केलेलं, ‘ठराव क्र. १’, आणि खाली सगळं कोरं.

रेहानाने भेंडोळी टेबलावर ठेवली पण उलगडली नाही. तिच्या बोटांना शाई लागलेली मला दिसली.

“सर, पत्ते वेगवेगळे आहेत. वाई, सातारा, अहमदनगर, सोलापूर. पण ऑर्डर ज्या कनेक्शनवरून येते त्याचा नंबर मशीन आपोआप लिहून ठेवतं. मी रोज बघत नव्हते. रोज पार्ट शोधत फिरत होते. काल रात्री यादी काढली.” ती थांबली. “एकतीसपैकी तीस ऑर्डर एकाच नंबरवरून आल्यात. तो नंबर या बिल्डिंगचा आहे.”

खाली रस्त्यावर टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता, तो वाजवतच राहिला.

माझी अवस्था काय सांगू! छत्तीस वर्षं मी प्रत्येक कॉलचं तिकीट लिहिलं. कुठून आला, कुठे गेला, किती मिनिटं चालला. तारेवरून जाणारं काहीही नोंद ठेवल्याशिवाय जात नाही, हे नव्या मुलींना शिकवणारी मीच. आणि खोट्या नावाने सात ऑर्डरी टाकताना माझ्या डोक्यात हे एकदाही आलं नाही. इंटरनेट कंपन्यांची मी सल्लागार.

“मी केल्या नाहीत सर,” रेहाना म्हणाली. आवाज कापत होता, मान ताठ होती. “पण कुणी केल्या हेही मला माहीत नाही. न सांगता टेबल घेतलं असतं तर... अब्बांना तोंड दाखवता आलं नसतं. म्हणून सांगितलं.”

सरांचा चेहरा लालबुंद झाला. “तू केल्या नाहीस. मग कुणी केल्या? इथे तुझं टेबल आहे, तुझा कॉम्प्युटर आहे. तीस! अगं, एकदोन समजू शकतो मी!”

खांबेटे छताकडे बघत होते. छाजेडशेठ सुपारी चघळायचे थांबले होते. आणि खरं सांगू का, त्या क्षणी माझ्याही मनात किंतू आला. माझ्या सातच होत्या. मग उरलेल्या तेवीस कुणाच्या? पोरीनेच टाकल्या असतील का? आपल्या सातांचा आधार घेऊन? मी तिच्याकडे पाहिलं. तिने माझ्याकडे पाहिलं. ती रडत नव्हती. ती पर्सचा बंद गच्च धरून उभी होती, आणि मला माझीच लाज वाटली.

“सात माझ्या,” मी म्हणाले.

“काय?” सर म्हणाले.

“त्यातल्या सात ऑर्डरी मी टाकल्यात. याच खोलीतून, दार लावून. मंगला भिसे, कुसुम धुमाळ, काय काय नावं घेतली. मला मंडळातून काढायचं तर काढा. पण पोरीला बोल लावू नका.”

“रणपिसेबाई!” सरांचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला. “हात लावायचा नाही म्हणून मी दर बैठकीला...”

“सर, आठ माझ्या,” छाजेडशेठ एकदम म्हणाले.

“तुम्ही?”

“अहो, काय करू? पोरगी माझ्याच दुकानात आली वॉशर विचारत. भर उन्हात. मी गल्ल्यावर बसलेलो, तिने मला पाहिलं नाही. काउंटरवरच्या माणसाने नाही म्हटलं तर म्हणाली, दादा, असं कसं, डबा तर उघडून बघा! धंद्यात चाळीस वर्षं गेली सर, असं गिऱ्हाईक बघितलं नाही आणि असा दुकानदारही. घरी जाऊन जेवण गेलं नाही मला.”

मला ते सुपारीचं खांड आठवलं.

“सहा,” खांबेटे छताकडे बघतच म्हणाले. “बाकीची पाचही टेबलं बुडाल्यात जमा आहेत. कोणीतरी एक जगायला हवं होतं.”

सात, आठ, सहा. एकवीस. सगळ्यांनी मनातल्या मनात तीच बेरीज केली असणार, कारण सगळ्यांच्या नजरा एकदमच रेहानाकडे वळल्या. नऊ उरल्या होत्या.

“मी नाही,” ती म्हणाली. या वेळी अगदी हळू.

सरांनी चष्मा काढला. रुमालाने पुसला. परत घातला, परत काढला.

“नऊ,” ते म्हणाले.

“होय सर, नऊ राहिल्यात,” छाजेडशेठ म्हणाले.

“राहिल्या नाहीत हो! माझ्या आहेत!” सर इतक्या जोरात ओरडले की बाहेरच्या टेबलांवरचा टकटक आवाज बंद झाला.

मी आयुष्यात पुष्कळ बातम्या तारेवर ऐकल्या, पण अशी चक्रावले नव्हते. छाजेडशेठच्या तोंडातून सुपारीच पडली.

“पण मी मदत करत नव्हतो,” सर घाईने म्हणाले. “गैरसमज नको. मी परीक्षा घेत होतो. मुद्दाम न मिळणाऱ्या वस्तू मागवल्या. अठ्ठेचाळीस सालच्या हिशेबयंत्राचं दातेरी चाक. स्लाइडरूलच्या सरकत्या काचेची पट्टी. ड्रॉइंग बोर्डाची स्प्रिंग, तीसुद्धा जर्मन. म्हटलं, दोनतीन ठिकाणी नाही म्हणावं लागलं की हिला आपोआप कळेल, हा धंदा होणारा नाही.”

“ते हिशेबयंत्राचं चाक तुमचं होतं?” रेहानाने विचारलं. तिचा आवाज आता कापत नव्हता, चढला होता. “सर, चार दिवस मी बोहरी आळीत दुकानोदुकान फिरले त्याच्यासाठी! जुन्या बाजारात दोन रविवार! शेवटी सदाशिव पेठेत एका घड्याळजींच्या खोक्यात सापडलं. त्यांना तासभर पेपर वाचून दाखवला तेव्हा त्यांनी दिलं!”

“हो. आलं ते.” सर टेबलाकडे बघत म्हणाले. “बरोबर आलं.”

“आणि बाकीच्या?” मी विचारलं. “नवातल्या किती आल्या, सर?”

सरांनी चष्मा पुन्हा नाकावर चढवला. “नऊच्या नऊ.”

छाजेडशेठनी टेबलावर थाप मारली. “मग झालं तर! द्या तिला टेबल!”

“कसं देऊ?” सर कळवळून म्हणाले. माणूस खरंच पेचात पडला होता. “अट कुणाची होती? आपली. तीस अनोळखी गिऱ्हाइकं. एकसुद्धा अनोळखी नाही. आज मी हे मंजूर केलं तर आपण चौघांनी मिळून एका मुलीला फसवलं असं होईल. जगात हिच्या धंद्याला गिऱ्हाईक आहे की नाही, हे आपल्यापैकी कुणालाच ठाऊक नाही. तिलाही नाही.”

आणि ते खरं होतं. रेहानालाही ते पटलं असावं, कारण तिने भेंडोळी उचलली. दाराकडे वळली.

“एक मिनिट,” मी म्हणाले. “एकतीस म्हणालीस ना तू? तीस आमच्या. एकतिसावी कुणाची?”

ती थांबली. तिने भेंडोळी उलगडली, बोट फिरवत खाली आली. “पद्मिनबाई सोळुंके, शिवणक्लास, औराद, तालुका निलंगा, जिल्हा लातूर. शिलाई मशीनचं शटल, जुनं मॉडेल. लातूरच्या सायबर कॅफेतून आलीये. अकराव्या दिवशी.”

“कुणाची आहे?” सरांनी आमच्या तिघांवरून नजर फिरवली. आम्ही तिघांनीही माना हलवल्या. गळ्याची शपथ घ्यायला मी तयार होते.

“फोन नंबर?”

“दिलेला नाही.”

“चुकून आली असेल. एखादी येते,” खांबेटे म्हणाले.

“चुकून की कशी, ते विचारू या की,” मी म्हणाले आणि मधल्या टेबलावरचा फोन पुढे ओढला. स्पीकरचं बटण दाबलं. निलंगा एक्स्चेंजचा नंबर मला अजून पाठ होता.

ट्रंकवर आम्ही ऑपरेटर एकमेकांना नावाने ओळखत नसू. जो ज्या गावाला बसला, ते गाव हेच त्याचं नाव. वीस वर्षं बोलूनही तोंड पाहिलेलं नसायचं. घंटी चार वेळा वाजली.

“हॅलो,” मी म्हणाले, “निलंगा? पुणे बोलतेय.”

पलीकडून एकदम, “पुणे? तुमी? अवो, रिटायर झालाव म्हणून कळलं होतं की!”

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. “झाले रिटायर. पण एक अर्जंट आहे. औरादला पद्मिनबाई सोळुंके, शिवणक्लास. नंबर असेल का?”

“औराद... सोळुंके... थांबा बरं.” पानं उलटल्याचा आवाज. “त्यांच्याकडं फोन न्हाई. पी. पी. हाय. बिराजदाराचं किराणा दुकान. घ्या लिहून.”

पी. पी. म्हणजे शेजाऱ्याचा फोन. तो हाक मारून बोलावतो, आपण थांबायचं. मी नंबर फिरवला. बिराजदारांनी “होल्ड करा” म्हणून रिसीव्हर आडवा ठेवला आणि आम्ही पाचजण हडपसरला बसून औरादचं दुकान ऐकू लागलो. तराजूचा खणखणाट. कुणीतरी अर्धा पाव गूळ मागत होतं. रेडिओवर बाजारभाव चालले होते. सर मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होते. रेहाना टेबलाच्या कडेला धरून उभी होती, तिचे ओठ हलत होते, आणि ती काय पुटपुटत होती ते मला ऐकू येत नव्हतं. माझं काळीज इतकं धडधडत होतं की वाटलं स्पीकरमधून औरादला ऐकू जाईल.

मग चपलांचा आवाज आला.

“हॅलो? कोण बोलायलंय?”

मी रेहानाला खूण केली. ती फोनजवळ सरकली.

“मी रेहाना तांबोळी. सुटेभाग डॉटकॉममधून. तुम्ही मशीनचं शटल मागवलं होतं...”

“आगं माय! तूच हैस का ती? मला वाटलं कुणी म्हातारा मानूस असंल.”

“मिळालं का शटल?”

“मिळालं की! बसलं बी. सात वर्सं बंद पडल्याली मशीन गं ती, माझ्या सासूची. काल तिच्यावर दोन झबली शिवली.”

रेहानाने दोन्ही हात तोंडावर धरले. छाजेडशेठ खुर्चीतल्या खुर्चीत उडी मारल्यासारखे हलले.

“आता मला सांग,” बाई पुढे म्हणाल्या, “बाकीचं कवा देतीस?”

“बाकीचं?”

“एकच मागवून बगितलं होतं. फसवलंच तर एकच जाईल म्हणून. पुतण्या लातूरला गेला तवा त्याला सांगितलं, ती कॉम्प्युटरवर टाकायची चिठ्ठी टाक. आता शटल बसलं म्हनल्यावर समद्या बाया माझ्या मागं लागल्यात. शेळगीच्या हायत, हलगऱ्याच्या हायत. समद्यांच्या मशिनी तशाच धूळ खात पडल्यात. मी यादी केलीय, पर पुतण्या आता दिवाळीपस्तोर लातूरला जायचा न्हाई!”

सर फोनच्या दिशेने वाकले. घसा खाकरला. “नमस्कार बाई. मी प्राध्यापक वैशंपायन. येथील सल्लागार मंडळाचा अध्यक्ष. तुम्हाला या सेवेविषयी नेमकं काय...”

“सल्ला नगं दादा,” पद्मिनबाई म्हणाल्या. “सामान लिहून घ्या. नावासकट लिव्हा, न्हाईतर हितं भांडणं लागतील.”

सरांनी खिशातून पेन काढलं. समोरचा एकुलता कागद पुढे ओढला. ‘ठराव क्र. १’च्या खाली, रेघ न मारता सरळ येणाऱ्या इंजिनिअरच्या अक्षरात त्यांनी लिहिलं, ‘१’.

“सांगा,” ते म्हणाले.

“सुनंदा कांबळे, बॉबिन केस. लक्ष्मीबाई पाटील, पायट्याचा पट्टा. फरजाना पठाण, शटल, माझ्यासारखंच. कमल सूर्यवंशी, दाबपट्टीचा स्क्रू...”

बाई सांगत होत्या, रेहाना मध्येच विचारत होती, “मशीन काळं की हिरवं? चाक डावीकडे की उजवीकडे?”, आणि सर लिहीत होते. खांबेटे टाचा उंचावून त्यांच्या खांद्यावरून आकडा बघत होते. बारा. सतरा. एकवीस. चोवीस नंबरला पद्मिनबाई थांबल्या.

“झालं बगा.”

“झालं?” आम्ही चौघं एकदम म्हणालो.

“हां. चोवीस जणी.”

सरांचं पेन तसंच राहिलं. “चोवीस,” ते म्हणाले. “आणि बाई स्वतः. पंचवीस.” तेही नाव त्यांनी लिहिलं. अट तीसची होती, आणि ती अट या माणसाने घातलेली होती.

तेवढ्यात पलीकडे कुजबुज झाली. रिसीव्हर या हातातून त्या हातात गेला. “हॅलो, मी बिराजदार बोलतो. दुकानाचा. आमच्या मंडळींचा मिक्सर बंद हाय, त्याचं काई जमतं का?”

“जमतं!” रेहाना ओरडली. “कंपनी सांगा, जार फिरताना आवाज कसा येतो ते सांगा!”

“आनि ह्यो तराजू. ह्याची कडी झिजलीय.” मग मागून कुणीतरी, “त्यांना स्टोचं विचार की!” आणखी कुणीतरी, “पंपाचा वायसर!” गूळ घ्यायला आलेलं सगळं दुकान बहुतेक फोनभोवती जमलं होतं. “एकेक बोला हो, एकेक!” मी सुपरवायझरच्या आवाजात दरडावलं आणि औराद गप्प झालं.

सव्वीस. सत्तावीस. सरांनी कागद उलटा करून पाहिला. मागे छापील मजकूर होता. “कागद!” ते म्हणाले. “कागद द्या कुणीतरी!” छाजेडशेठ खिसे चाचपू लागले. खांबेटे दाराकडे धावले. रेहानाने पर्स उघडली, हाताला लागला तो घडी घातलेला कागद काढून सरांपुढे टाकला आणि फोनवर वाकली, “हां काका, पंपाचा वॉशर, चामड्याचा की रबराचा?”

अठ्ठावीस. एकोणतीस.

“शिवराज स्वामी, गॅसबत्तीची घुंडी.”

सरांनी ‘३०’ लिहिलं. त्याच्याभोवती सावकाश एक गोल काढला. मग मान वर करून रेहानाकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरलेले होते आणि आवाज मात्र वर्गातला होता.

“थांबलात का?” ते फोनला म्हणाले. “पुढे?”

यादी त्रेचाळीसवर संपली, तीसुद्धा बिराजदारांना दुकान चालवायचं होतं म्हणून. मी स्पीकर बंद केला. रेहाना खाली बसली आणि टेबलावर डोकं ठेवून हुंदके देऊन रडली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. सर उठले. बाह्या दुमडल्या.

“चला. बोहरी आळी सातला बंद होते.”

“सर,” छाजेडशेठ म्हणाले, “ते हात लावायचं नाही असं...”

“छाजेड, गाडी काढा.”

पुढे दोन वर्षांत डॉटकॉमचं वारं पडलं आणि उबारा बंद झालं. फॅक्टरीच्या जागी आता सोसायटी आहे. सुटेभागची दुमजली इमारत फलटणला आहे, तिच्या उद्घाटनाला फीत कापायला औरादच्या पद्मिनबाई आल्या होत्या. सर आता नाहीत. मंडळाची फाइल माझ्याकडे राहिली, कारण इतिवृत्त लिहायचं काम माझं होतं.

परवा कपाट आवरताना ती उघडली. त्या शुक्रवारच्या बैठकीचे त्यात दोन कागद आहेत, टाचणीने एकत्र लावलेले. पहिल्यावर ‘ठराव क्र. १’ आणि त्याखाली सत्तावीस नावं. दुसऱ्याच्या पाठीवर उरलेली सोळा, आणि तळाला आम्हा चौघांच्या सह्या. तो कागद इतक्या वर्षांत मी कधी उलटून पाहिला नव्हता. परवा पाहिला. वर बँकेचा शिक्का आहे. ‘कु. रेहाना तांबोळी यांना कळविण्यात येते की, आपण सोमवारी सकाळी ठीक दहा वाजता कामावर हजर व्हावे. सोबत हे पत्र आणणे आवश्यक आहे.’